कृपया पूर्ण संख्या लिहा

ईशान आणि मीरा,

गेल्या महिन्यात ईशानचा निरोप आला. कॉलेजात प्रोग्रामिंगचा पहिला गृहपाठ मिळाला होता. समोरच्या माणसाला एक पूर्ण संख्या विचारायची आणि त्यानं भलतंच काही लिहिलं तर पुन्हा विचारायची. "दहा ओळी, आजी. जेवायला बसायच्या आधी संपलं. इतकं सोपं कशाला देतात?" असं लिहून खाली जांभई देणारा पिवळा चेहरा टाकला होता.

मी तो चेहरा तुमच्या आजोबांना दाखवला. ते चष्मा वर करून म्हणाले, "त्याला कळव, त्या दहा ओळींत तुझ्या आजीचा अर्धा जन्म गेला. आणि ती अजून म्हणते, एक ओळ राहिलीच."

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. आपल्या नोकरीबद्दल लिहा म्हणाल्या. तेव्हा एका लेखात दोन कामं उरकते आहे. ईशाननं हे स्वतः वाचावं. मीरासाठी तिच्या आईनं वाचून दाखवावं, आणि कठीण शब्द आला की तो गाळून पुढे जाऊ नये. मला इथे बसून कळतं.

माझं शिक्षण सुरतच्या इंग्रजी शाळेत आणि कॉलेजात झालं, लग्न होऊन मी तळोद्याला आले. तिथे एक संस्था डोंगरातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवत असे. काही वर सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला, काही खाली नवापूर तालुक्यात, खांडबाऱ्याकडे. या सगळ्या वसतिगृहांना धान्य पुरवणं हे तळोद्याच्या कचेरीचं मुख्य काम. कचेरीत संगणक आला तेव्हा तो कोणी हाताळायचा असा प्रश्न पडला. मी इंग्रजी वाचते एवढ्या एका गुणावर मला त्याच्यापुढे बसवलं गेलं. मी शिकले, मग मला ते आवडलं, मग मी तिथून उठलेच नाही.

तुमच्या पिढीनं संगणक पाहिला तो चित्रांसकट. आमचा पडदा काळा होता. बाण नाही, बटणं नाहीत. त्याला कमांड लाइन म्हणतात. पडद्यावर एका ओळीत प्रश्न उमटतो, त्यापुढे तुम्ही उत्तर टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. मी जो प्रोग्राम लिहिला होता, तो प्रत्येक वसतिगृहाचं नाव दाखवून विचारायचा, 'शिल्लक पोती किती?' उत्तर आलं की पुढच्या वसतिगृहाकडे वळायचा. सगळ्यांची उत्तरं झाली की कागद छापून द्यायचा आणि त्या कागदाप्रमाणे संस्थेची एकुलती एक धान्याची गाडी सुटायची.

आता ईशान, तुझा गृहपाठ. यंत्राला माणसाचं उत्तर आधी आकडा म्हणून मिळतच नाही, नुसती अक्षरांची माळ मिळते. त्या माळेच्या पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा कापायच्या. मग एकेक मणी तपासायचा, हा शून्य ते नऊपैकी आहे का? सगळे मणी बरोबर असतील तरच त्यांचा आकडा करायचा. मग तो आकडा शक्य कोटीतला आहे का, हे पाहायचं. चाळीस पोती मावणाऱ्या कोठीत चारशे शिल्लक असू शकत नाहीत. काही चुकलं तर काय चुकलं ते सांगायचं आणि पुन्हा विचारायचं, बरोबर उत्तर येईपर्यंत. रागवायचं नाही. यंत्राचा एवढा एकच गुण मला आयुष्यात घेता आला नाही, असं आजोबांचं मत आहे.

हे सगळं तू दहा ओळींत केलंस, छानच. पण तुझ्या प्रोग्रामला उत्तर देणारा तूच होतास. माझ्या प्रोग्रामला उत्तर देणारे भटूभाऊ होते.

भटूभाऊ आमच्या कचेरीतले टायपिस्ट. टाइपरायटरवर त्यांची बोटं अशी चालत, की शेजारच्या हॉटेलात लोक चहा ढवळायचे थांबत. त्यांना मी पहिल्यांदा काळ्या पडद्यासमोर बसवलं. प्रश्न आला, त्यांनी दहाचा आकडा लिहिला आणि एंटर मारलं. यंत्र म्हणालं, 'हा आकडा नाही. कृपया पूर्ण संख्या लिहा.' त्यांनी पुन्हा दहा लिहिलं. यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"ताई, हाई तुमनं यंत्र येडं शे. मी दहा लिखस, ते म्हणस दहा नई शे. मंग काय शे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. पडद्यावर दहाच होते. माझ्याही डोळ्यांना दहाच दिसत होते. मी त्यांना म्हटलं, पुन्हा लिहा, मी बोटं बघते. तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर एकाची कळच नव्हती. सगळे टायपिस्ट एकासाठी छोटा एल मारत आणि शून्यासाठी मोठा ओ. कागदावर काहीच फरक पडत नसे. भटूभाऊंनी आयुष्यभर असेच आकडे लिहिले होते आणि त्यांतल्या एकालाही कोणी 'तू आकडा नाहीस' असं म्हटलं नव्हतं.

"म्हंजे मी जलमभर एल लिखत ऊनू का?" त्यांनी विचारलं.

"हो, पण कागदाला चालत होतं."

"कागद शहाना व्हता," ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी शेवटी प्रोग्रामला शिकवलं, छोटा एल आला तर एक समज, मोठा ओ आला तर शून्य समज. भटूभाऊंना ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं यंत्र सुधारलं. ते सगळ्यांना सांगत, "आते ते माले वळखस."

मग हळूहळू बाकीचे आले. वसतिगृहांचे अधीक्षक महिन्यातून एकदा कचेरीत येत, तेव्हा मी त्यांना स्वतः आकडे टाकायला लावत असे. सवय व्हावी म्हणून. त्यातले एक पूर्वी हिशेबनीस होते. ते प्रत्येक आकड्यापुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारायचे, जशी आपण पावतीवर मारतो, मागून कोणी शून्य वाढवू नये म्हणून. यंत्र नकार देई. ते म्हणत, "मॅडम, रेघ नाही मारली तर उद्या कोणी पंधराचे दीडशे करील, जबाबदार कोण?" दुसरे एक गृहस्थ कधीच एक आकडा सांगत नसत. 'दहा-बारा', 'पंधरा-वीस'. यंत्रानं दहा-बारा नाकारलं की ते दुखावले जाऊन 'आठ-दहा' लिहीत. जणू भाव जास्त सांगितला होता. तिसऱ्या बाई दीड पोतं लिहायच्या आणि यंत्रानं पूर्ण संख्या मागितली की मला ऐकू जाईल असं पुटपुटायच्या, "अर्ध्या पोत्याला काय पोटं नसतात?" एक जण प्रश्न वाचून नुसतं एंटर दाबायचे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला माहीतच आहे की."

मी या प्रत्येकासाठी एकेक ओळ वाढवत गेले. ईशान, तुझ्या दहा ओळींच्या माझ्याकडे तीन पानं झाली ती अशी.

घरीही हा रोग आलाच. आजोबा बाहेर पडताना म्हणायचे, "आलोच दोन-चार मिनिटांत." मी म्हणायची, "पूर्ण संख्या सांगा." ते दारातून ओरडायचे, "चाळीस!" आणि तासाभरानं यायचे. आकडा पूर्ण होता, मर्यादेत होता, फक्त खरा नव्हता. याला तपासणीत काही इलाज नाही, हे मला घरच्या घरी कळायला हवं होतं. ते कळलं रुमालीबाईंकडून.

रुमालीबाई तोरणमाळच्या बाजूच्या मुलींच्या वसतिगृहात कोठी सांभाळत. कोठी म्हणजे धान्याची खोली. तिची चावी त्यांच्या कमरेला असे. त्या घरी भिलोरी बोलत, आमच्याशी मराठी. प्रत्येक शब्द तोलून, जणू तोही मोजून द्यायचा आहे. दर शनिवारी त्या गावातल्या दुकानातून फोन करायच्या. भटूभाऊ फोन खांद्यात धरून पडद्यावरचा प्रश्न जसाच्या तसा मोठ्यानं वाचायचे, त्या उत्तर द्यायच्या, ते टाकायचे. सगळ्या वसतिगृहांत त्यांचं उत्तर सगळ्यांत सुटसुटीत. दहा-बारा नाही, दीड नाही. यंत्रानं त्यांना एकदाही परत विचारलं नव्हतं. मी इतरांना त्यांचं उदाहरण द्यायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी सांगितलं, एक. सुट्टीत वसतिगृह बंद, तेव्हाही एकच. ते बरोबरच होतं, खायला कोणी नव्हतं. सुट्टी संपून मुली परत येऊ लागल्या त्या शनिवारीही एक.

एक हा आकडा पूर्ण आहे. शून्य ते चाळीस या मर्यादेतही आहे. प्रोग्रामनं तो घेतला. नियम असा होता, की ज्याची शिल्लक शून्य त्याच्या नावापुढे 'तातडी' छापलं जाई आणि गाडी आधी तिकडे जाई. बाकीच्यांना क्रमानं. त्या आठवड्यात शून्य कोणाचंच नव्हतं. क्रमानं पाळी होती खांडबाऱ्याकडच्या वसतिगृहाची.

दोन दिवसांनी तळोद्याच्या बाजाराला रुमालीबाई स्वतः आल्या. शहाद्याला जीप बदलून, म्हणजे निम्मा दिवस घालवून. कचेरीत येऊन माझ्यासमोर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "गाडी कधी?"

"कसली गाडी?"

"धान्याची."

भटूभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. "मावशी, तुमनाकडे ते एक पोतं शे."

"आहे ना."

"मंग गाडी कसाले?"

"पोरी आल्या."

मी म्हटलं, "रुमालीबाई, सुट्टीआधीही एक होतं, परवाही एकच सांगितलंत. मुली जेवतात ना?"

"जेवतात. पोटभर."

"मग पोतं संपत कसं नाही?"

"द्रौपदीनी थाळी व्हयी," भटूभाऊ म्हणाले. "मावशी, असं एक पोतं आमना घर बी धाडा. बायको रोज मन्हा जीव खास."

"हसू नको रे भट्या," रुमालीबाई म्हणाल्या. त्या त्यांच्याहून वयानं मोठ्या होत्या आणि कचेरीत त्यांना भट्या म्हणू शकणाऱ्या एकट्याच.

मी माझ्या प्रोग्रामसारखी पुन्हा विचारू लागले. "त्या पोत्यात धान्य किती आहे?"

"आहे."

"किती?"

त्यांनी मूठ वर करून दाखवली. मिटलेली.

"मूठभर? मग एक पोतं कसं सांगितलंत?"

"पोतं एकच आहे ना. त्यात मूठभर आहे." त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, की यात न कळण्यासारखं काय आहे.

"मग आता मुली काय खातात?"

"माझ्या घरचा मका आणला. तोही आता..." आणि त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही.

मी कीबोर्ड पुढे ओढला. "मग मी शून्य लिहिते. आज 'तातडी' लागेल, गाडी..."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नका लिहू बाई."

तेव्हा कुठे सगळं कळलं. त्यांच्याकडे कोठी रिकामी असं कोणी म्हणत नाही. याहा मोगी ही धान्याची आई, ती ऐकते. म्हणून तळाशी मूठभर दाणे नेहमी ठेवायचे आणि विचारलं तर 'आहे' म्हणायचं. माणूस एकदा चुकून बोललं तर ती माफही करील. "पण हे मशीन," त्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे लिहून ठेवतं. रोज म्हणत बसेल, रुमालीची कोठी शून्य, रुमालीची कोठी शून्य. मग कोण राहील तिथे?"

आणि राहण्याचाच प्रश्न होता. दिवाळी झाली की डोंगरातली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत निघतात. तोच तो आठवडा. आईबाप मुलीला वसतिगृहात सोडायला येतात, तेव्हा आधी कोठीत डोकावतात. धान्य दिसलं तर मुलगी ठेवतात, नाही दिसलं तर बरोबर घेऊन जातात. ऊसतोडीला गेलेली मुलगी त्या वर्षी शाळेत परत येत नाही, आणि बहुतेक वेळा पुढच्याही वर्षी नाही. त्याच सकाळी एक बाप कोठीत डोकावून आपल्या दोन मुलींना परत घेऊन गेला होता. रुमालीबाईंची स्वतःची धाकटी सुनीता तिथेच दहावीला होती.

"तिचा बाप म्हणतो, कोयत्याला एक हात कमी पडतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आज गाडी येते, गाडी बघ मग बोल. उद्या सकाळी टोळीचा ट्रक निघतो."

त्यात आणखी एक अडचण होती. उद्या दुपारपासून तोरणमाळच्या घाटात रस्त्याचं काम सुरू होणार होतं. जीप सोडणार, जड गाडी नाही. आज धान्याची गाडी वर गेली नाही, तर ती काम संपेपर्यंत जाणार नव्हती. आणि आमची गाडी अंगणात उभी होती, भरलेली, खांडबाऱ्याच्या नावानं. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता.

मी व्यवस्थापक सोनवणेसाहेबांकडे गेले. सोनवणेसाहेब कागदाचे माणूस. पूर्वी फोनवर 'सगळं संपलं हो' असं रडून गाडी वळवून नेणारे अधीक्षक त्यांनी भोगले होते, म्हणून त्यांनीच नियम केला होता, की तोंडी सांगण्यावर गाडी हलणार नाही. त्यांनी कागद उचलून माझ्यासमोर धरला.

"एक आहे मॅडम. तुमच्याच प्रोग्रामनं छापलंय."

"त्या पोत्यात मूठभर दाणे आहेत, साहेब."

"मग शून्य लिहा, कागद काढा, गाडी वळवतो. मला काय, मी खांडबाऱ्याचा नातेवाईक आहे का? पण कागद पाहिजे."

मी परत आले. रुमालीबाईंनी तोवर कमरेची चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली होती. "शून्य लिहायचं तर चावी तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या. "मी तिथे पाय ठेवणार नाही."

भटूभाऊ माझ्या कानाशी वाकले. "ताई, मी दाबी देस शून्य. मावशीले काय समजी?"

"त्यांना आकडे वाचता येतात."

"मंग पडदा तिकडे फिरावा."

ईशान, इथे तू काय केलं असतंस? खरं सांग. शून्य हेच बरोबर होतं. मुलींची पोटं त्या शून्यावर अवलंबून होती आणि कीबोर्ड माझ्या हाताखाली होता. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. उत्तर चुकीचं वाटलं तर नाकारायचं. पुन्हा विचारायचं, हवं तर शंभर वेळा. पण समोरच्यानं जे सांगितलं नाही ते आपल्या मनानं भरायचं नाही. एकदा भरलं की पुढे तो प्रोग्राम कोणाचंच ऐकत नाही, फक्त स्वतःचं ऐकतो. शिवाय रुमालीबाई काम सोडून गेल्या असत्या तर ते धान्य वर कोणी शिजवलं असतं?

मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. भटूभाऊंनी नंतर सगळ्यांना सांगितलं, की ताईंचंही यंत्रासारखंच झालं, अडकलं.

आणि मला तुमच्या पणजीबाई आठवल्या. माझ्या सासूबाई. तळोद्याच्या घरात त्यांच्या हाताखाली मी स्वयंपाक शिकले. त्या तांदळाचा डबा कधी पूर्ण खरवडू देत नसत आणि 'तांदूळ संपले' असं मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. त्या मामंजींना म्हणायच्या, "अहो, तांदूळ आणायला हवेत." डबा तोच, तळही तोच. मामंजी पिशवी घेऊन निघायचे. पण सासूबाईंना कोणी 'शिल्लक किती?' असं विचारलं असतं तर त्यांनीही रुमालीबाईंसारखंच उत्तर दिलं असतं.

मी प्रोग्राम उघडला.

सोनवणेसाहेब दारात येऊन उभे होते. "मॅडम, आत्ता? प्रोग्राम आत्ता बदलणार? गाडी उभी आहे बाहेर!"

"प्रोग्राम नाही बदलत साहेब. प्रश्न बदलते."

एंटरच्या आधीची ती एक ओळ. 'शिल्लक पोती किती?' पुसलं. त्या जागी लिहिलं, 'किती पोती पाठवायची?' खालची सगळी तपासणी तशीच ठेवली, शून्य ते कोठीच्या मापापर्यंत पूर्ण संख्या. फक्त 'तातडी'चा नियम उलटा केला. कोठीत मावतील त्याच्या निम्म्याहून जास्त मागितलं, तर तातडी.

"उद्या सगळेच चाळीस मागतील," साहेब म्हणाले.

"मागू द्या. पाठवलेल्यातून रोजचा खर्च वजा जाता कोठीत किती असायला हवं, ते प्रोग्राम काढेल. मागणी त्यात बसत नसेल तर पुन्हा विचारेल."

रुमालीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हणजे शिल्लक मशीन काढेल?"

"हो."

"आणि त्यात शून्य आलं तर?"

"तर ते त्याच्यापाशी राहील."

"मनात म्हणेल की मोठ्यानं?"

"मनात."

त्यांनी विचार केला. "मनात म्हणू द्या," त्या म्हणाल्या. "मनात मीही म्हणते." मग पडद्याकडे मान पुढे करून विचारलं, "आणि इथे शून्य कोण लिहील?"

"ज्याची कोठी भरलेली आहे तो. त्याला काहीच पाठवायला नको."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "असं विचारा ना मग आधीपासून."

भटूभाऊंनी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि समोरच बसलेल्या बाईला फोनवरच्यासारखं ओरडून विचारलं, "किती पोती पाठवायची?"

"एक वीस आणि पाच."

"पंचवीस," भटूभाऊ म्हणाले, दोन कळा दाबल्या आणि एंटर मारलं. यंत्रानं काहीही न कुरकुरता घेतलं.

कागद निघाला. तोरणमाळच्या नावापुढे 'तातडी'. सोनवणेसाहेबांनी तो दोनदा वाचला, खिशातून पेन काढून सही केली आणि अंगणात जाऊन ड्रायव्हरच्या नावानं असे ओरडले, की हॉटेलवाला पोरगाच पळत आला. "खांडबारं उद्या! त्यांना रेल्वे आहे, ते कुठे पळून जात नाहीत! आधी वर जा!"

रुमालीबाईंनी टेबलावरची चावी उचलून कमरेला लावली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. बाजारातलं मीठ-मिरची घ्यायची राहिली होती. ते भटूभाऊंनी पळत जाऊन आणून दिलं आणि वर म्हणाले, "मावशी, आते तरी एक मूठ आमले धाडा."

दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. गाडी अंधार पडायच्या आत पोचली होती. पोती उतरवायला सुनीताचे वडीलच पुढे आले. शेवटचं पोतं आत टाकून त्यांनी कोठीत एकदा नजर फिरवली आणि घरची वाट धरली. सकाळी टोळीचा ट्रक निघाला तेव्हा सुनीता त्यात नव्हती.

आदल्या सकाळी नेलेल्या त्या दोन बहिणी मात्र ट्रकात होत्या. पुढच्या जूनमध्येही त्या आल्या नाहीत. मी त्यांना कधी पाहिलं नाही, मला त्यांची नावं तेवढी माहीत आहेत, कारण वसतिगृहाच्या हजेरीत ती बरेच दिवस तशीच होती. प्रोग्राम चुकला होता असं मी आजही म्हणत नाही. रुमालीबाईही चुकल्या नव्हत्या. पण गाडी आदल्या दिवशी वर गेली असती तर बरं झालं असतं, एवढं मला वाटतं. ते आजोबांना एकदा सांगितलं तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही.

ईशान, तुझ्या गृहपाठाला पूर्ण गुण मिळतील, ते मिळू देत. उत्तर आकडा आहे की नाही हे तपासायला दहा ओळी पुरतात. पण समोरच्याला ज्याचं उत्तर देता येईल असा प्रश्न लिहिलाय का, हे पाहायला त्या माणसासमोर बसावं लागतं. तुझ्या प्रोग्रामला मीरानं एकदा उत्तरं द्यावीत, मग बघ तुझ्या किती ओळी होतात.

मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. भटूभाऊ धुळ्याला मुलाकडे असतात. रुमालीबाई आता नाहीत. तो काळा पडदाही गेला. आता वसतिगृहातल्या बायका मोबाइलवर रंगीत चौकटीत आकडा टाकतात आणि चुकलं तर चौकट लाल होते. चौकट नवीन मुलांनी केली, पण तिच्यावरचा प्रश्न त्यांनी बदलला नाही. 'किती पोती पाठवायची?' असंच अजून लिहिलेलं आहे. दर शनिवारी त्याचं उत्तर सुनीता देते. कोठीची चावी तिच्याकडे आहे.